पाइप न उपटणाऱ्या निर्मलाताई

हा लेख मी फार लांबवला, हे आधी सांगून टाकते. गौरवग्रंथाचं काम पाहणाऱ्या मंडळींनी मला पोळ्याच्या आधीच कळवलं होतं. पोळा झाला, महालक्ष्म्या जेवून गेल्या, गणपती गेले, घट बसले, आणि माझा कागद कोराच. लिहायला बसले की काहीतरी निघायचं. एकदा हिंगणीला गेले ती बोर धरणावर कोणाच्या तरी होडीला डांबर लावत बसले. एकदा पेन आणायला निघाले आणि यवतमाळला पोचले. काल छापखान्यातून निरोप आला, की बाकीची पानं लागली आहेत, तुझं तेवढं रिकामं आहे, आज नाही दिलं तर तिथं पंपाची जाहिरात टाकू. निर्मलाताईंच्या ग्रंथात पंपाची जाहिरात काही वाईट दिसणार नाही, पण म्हटलं, आता बसावंच. सिंदी मेघेला मावशीच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकलेल्या मुलीचं लिखाण आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

निर्मलाताई पालेवार यांना वर्धा जिल्ह्यात दोन नावांनी ओळखतात. शेतकरी त्यांना मोटारपंपवाल्या ताई म्हणतात, कारण नालवाडीला त्यांचं पंप, पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. आणि इंटरनेटवर 'बोरथडी' नावाच्या ठिकाणी जमणारे आम्ही सगळे त्यांना बोरथडीच्या ताई म्हणतो. येत्या दसऱ्याला त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. शाळेत लावलेली तारीख वेगळीच आहे, पण त्यांच्या आईंनी जन्म दसऱ्याचा सांगितला आणि ताई तोच धरतात.

माझी त्यांची पहिली भेट दुकानातच झाली. मी सायकलवर सामान बांधून घरून निघाले होते. नालवाडीपर्यंत पोचले नाही तोच कॅरिअर निखळला. समोर फिटिंगचं दुकान दिसलं म्हणून आत गेले. काउंटरवर ताई बसल्या होत्या.

"कुठं चालली व पोरी एवढं बोचकं घेऊन?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"येशीन कधी?"

"तेही माहीत नाही."

"घरी तरी सांगतलं का?"

"आईले सांगतलं. ती म्हणे रोज फोन करजो. मले फोन करायचा कंटाळा येते."

ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाइपाला लावायचा एक क्लॅम्प त्यांनी काढला, बाहेर आल्या आणि पान्याने स्वतः कॅरिअरला आवळला. मग म्हणाल्या, "फोन नको करू. रोज एक ओळ लिहिजो. जेवली, बरी हाय, अमक्या गावात हाय. एवढं पुरे. वाचणारे वाचतीन, तुह्या आईले मी सांगत जाईन." आणि तिथंच माझ्या मोबाइलवर त्यांनी बोरथडीचं खातं काढून दिलं. तो क्लॅम्प अजून माझ्या सायकलला आहे. सायकल दोनदा बदलली, क्लॅम्प तोच.

बोरथडी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण सगळे वापरतो ती समाजमाध्यमं एकेका कंपनीची असतात. मालक एक, नियम त्याचे. बोरथडी तशी नाही. ती ताईंनी चालवलेली एक छोटी जागा आहे, तिला सर्व्हर म्हणतात. जगात अशा हजारो जागा आहेत, प्रत्येकीचा सांभाळणारा वेगळा, आणि तरीही त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणजे बोरथडीवर लिहिलेलं केरळातल्या सर्व्हरवरचा माणूस वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो. फक्त दोन्हीकडच्या सांभाळणाऱ्यांनी दार उघडं ठेवलं पाहिजे. एकाने जरी ब्लॉक केलं, तरी त्या दोन जागांमधलं सगळ्यांचंच बोलणं थांबतं. ज्यांचं भांडण त्यांचंही, आणि ज्यांचं काहीच नाही त्यांचंही.

मला हे पहिल्यांदा कळलं नाही. ताईंनी काउंटरवर पाइपाचे दोन तुकडे ठेवले. "हे पाय. ही तुही विहीर, ही माही विहीर. मोटार ज्याची त्याच्याकडे. मधात पाइप टाकला, तुह्या पाण्याचं मले, माह्या पाण्याचं तुले. आता तुह्या विहिरीत कोणं घाण टाकली, तं मी काय करीन?"

"पाइप तोडसान."

"अन् मंग घाण काढल्यावर नवा पाइप कोण टाकीन, तुहा बाप? माह्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पाइप उपटायचा नाई."

ताईंचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे, असं मला वाटतं. ही केवळ बोलायची गोष्ट नव्हती, हे पुढं दिसेलच.

बोरथडीवर कोण कोण आहे ते सांगायला लागले तर ग्रंथ मलाच द्यावा लागेल. कपड्यांचे दुकानदार आहेत, शिक्षिका आहेत, सेलूचे दोन भाऊ आहेत जे घरात एकमेकांशी बोलत नाहीत पण तिथं बोलतात. पण एका माणसाबद्दल सांगायलाच हवं, ते म्हणजे हिंगणीचे गुलाबकाका. शेती करतात, आणि धरणावरच्या पक्ष्यांचे फोटो काढतात. ताईंकडे फूटव्हॉल्व्ह घ्यायला आले आणि बोरथडीवर राहिले. केरळातल्या 'तेंगा' नावाच्या मोठ्या सर्व्हरवर बेबी नावाचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांची आणि काकांची मैत्री झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. काका इकडच्या बगळ्याचा फोटो टाकायचे, ते तिकडच्या बगळ्याचा टाकायचे. तिकडे बेबी हे पुरुषाचं नाव असतं, हे काकूंना पटायला बराच काळ गेला. "सकाळी उठले की चहाच्या आधी बेबी," असं त्या दुकानात येऊन सांगायच्या. ताईंनी शेवटी त्यांना बेबीसरांच्या मिश्यांचा फोटो दाखवला.

माझ्यासारखीला बोरथडीचा उपयोग वेगळा होता. मी जिथं जाईन तिथं ताई कोणाच्या तरी घरी माझी सोय लावायच्या. पण कोणाच्याही घरी नाही. त्या गावातल्या माणसाने "या" म्हटलं तरी ताई आधी त्याच्या सर्व्हरच्या सांभाळणाऱ्याला विचारायच्या, की हा माणूस कसा आहे, घरी बाईमाणूस आहे का. मग मला कळवायच्या, "जाजो." कधी कळवायच्या, "तिथं नको." का ते सांगायच्या नाहीत, मीही विचारलं नाही. एकट्या मुलीने इतकं हिंडूनही माझ्या आईला सुखाने झोप लागते, ती यामुळे.

आता कोणी म्हणेल, ताई फार मऊ असतील. तर 'दणका' नावाच्या सर्व्हरची गोष्ट सांगते. त्या सर्व्हरवरची काही पोरं आमच्याकडच्या मुलींचे फोटो उचलून त्याखाली घाण लिहायची. ताईंनी तिथल्या सांभाळणाऱ्याला आधी सांगून पाहिलं. त्याने हसण्यावारी नेलं. ताईंनी त्याच दिवशी दणका ब्लॉक केला, आणि बोरथडीवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की हा व्हॉल्व्ह मी बंद केला आहे, अमुक कारणाने. अडचण अशी, की दणकावर त्यांच्या दिराचा मुलगा राजूही होता. तो दुकानात आला, मी तेव्हा तिथंच होते.

"काकू, तुम्ही मले ब्लॉक केलं?"

"तुले नाई केलं. तू ज्या घरात बसतं त्या घराचा व्हॉल्व्ह बंद केला."

"मी तं काहीच नाई लिहिलं ना."

"म्हणून तं सांगून राह्यली, इकडे ये. बोरथडीवर जागा हाय."

"चारचौघात नाव टाकलं तुम्ही. मित्र हासून राह्यले माह्यावर."

"ज्या पोरीइचे फोटो टाकले त्याइले विचार, त्या हासून राह्यल्या का."

राजू त्या दिवाळीला ताईंकडे फराळाला आला नाही. बोरथडीवरही आला नाही. पण त्याची बहीण आली.

ताईंची एक पद्धत मला फार आवडते. दर अमावस्येला दुकानात पूजा झाली, की त्या काउंटरवर बसून बंद केलेल्या प्रत्येक सर्व्हरवर स्वतः एक नजर टाकतात. घाण थांबली आहे का, सांभाळणारा बदलला आहे का. थांबली असेल तर दार थोडं उघडतात, आणि पुढच्या अमावस्येला पूर्ण. आम्ही याला अमावस्येची पाहणी म्हणतो. मोठे सर्व्हर असं करत नाहीत. त्यांच्याकडे तयार याद्या असतात, कोणाला ब्लॉक करायचं त्यांच्या. एकाने केलेली यादी दुसरा जशीच्या तशी उचलतो. ताईंनाही तशी यादी कोणीतरी दिली होती. ताईंनी घेतली नाही. म्हणाल्या, "ज्याले मी पाह्यलं नाई त्याले मी काऊन बंद करू?"

आता गेल्या दसऱ्याकडे येते.

आपल्याकडे दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन माणसं घरोघरी जातात. सोनं द्यायला ओळख लागत नाही. वाटेत कोणी दिसला तरी देतात, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी तर मुद्दाम जातात. गेल्या वर्षी बोरथडीवर कोणीतरी म्हटलं, गावात तर देतोच, बाहेरच्यांनाही देऊ. गुलाबकाकांनी तळहातावर ठेवलेल्या आपट्याच्या पानाचा फोटो काढला, वर लिहिलं, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा', आणि बेबीसरांना पाठवला. मग बेबीसरांच्या ओळखीच्यांना पाठवला. मग त्यांच्या ओळखीच्यांना. ते पाहून बाकीच्यांनीही तोच फोटो उचलला आणि जगभरात जे नाव दिसेल त्याला नावानिशी पाठवायला सुरुवात केली. गावात एक घर सुटलं तर रुसवा होतो ना, तसं इथंही एक माणूस सुटू नये म्हणून. रावण जळेपर्यंत बोरथडी सगळ्या जगाच्या दारात उभी होती.

पलीकडून ते कसं दिसलं असेल, पाहा. न वाचता येणाऱ्या लिपीतला एकच मजकूर, एकच फोटो, डझनावारी खात्यांमधून, अनोळखी माणसांना, एकाच संध्याकाळी. कोणालाही वाटेल, हे मशीनचं काम आहे. तेंगावर तक्रारींचा ढीग पडला. तेंगाच्या सांभाळणाऱ्याने बोरथडीला ब्लॉक केलं. त्याचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, चेहरा कोणी पाहिला नव्हता. नावाच्या जागी वटवाघळाचं चित्र, म्हणून आम्ही त्याला वटवाघूळच म्हणायचो. त्याने ब्लॉक करून आमचं नाव त्याच्या यादीत टाकलं, कारण लिहिलं, स्पॅम. आणि ती यादी ज्यांनी ज्यांनी उचलली होती त्या सगळ्यांकडे आमचे व्हॉल्व्ह आपोआप बंद झाले. बहुतेकांनी बोरथडी कधी पाहिलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबकाकांनी फोटो टाकला, आणि पलीकडून काहीच आलं नाही.

त्या दिवशी मी केरळातच होते. पुढच्या गावच्या एका बाईंकडे उतरणार होते, बोलणं चाललं होतं, ते मधेच तुटलं. मी बसस्टँडवर बसून रोजची ओळ लिहिली: 'जेवले, बरी आहे, जायला जागा नाही.' जवळपासचं कोणी ते वाचू शकत नव्हतं, पण ताईंनी वाचलं. त्यांनी फोन केला नागपूरच्या पंपवाल्याला, त्याने केला कोइमतूरच्या कारखान्यात, कारखान्याने पालक्काडच्या दुकानदाराला. दिवस मावळायच्या आत एक गृहस्थ बायकोला घेऊन स्कूटरवर आले आणि तोडक्या हिंदीत म्हणाले, "वर्धा पंप मॅडम की लडकी?" मी हो म्हटलं. त्या घरी मी चार दिवस पंपाच्या खोक्यांशेजारी झोपले.

मग मी ठरवलं, वटवाघळाला जाऊन भेटायचं. त्याचं गाव कळलं होतं, घर नाही. निघाले, आणि वाटेत होड्या बांधायचा एक कारखाना लागला. फळ्या दोरीने शिवत होते, खिळा म्हणून नाही. मी पाहायला उभी राहिले ती दिवाळीपर्यंत तिथंच काम करत राहिले. वटवाघूळ काही भेटलं नाही. थोडीफार मल्याळम मात्र आली.

दिवाळीनंतर परत आले तेव्हा बोरथडी अर्धी रिकामी होती. ज्यांची माणसं बाहेर होती ते दुसऱ्या मोठ्या सर्व्हरवर निघून गेले होते. मी त्यांना दोष देत नाही. ताईही देत नव्हत्या, उलट खातं हलवायला मदत करत होत्या. पण अशीच गळती राहिली तर बोरथडी बंद करावी लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. ताईंनी इतकी वर्षं जोडलेलं ठिकाण असं आटत होतं. आणि त्याच आठवड्यात वटवाघळाचं उत्तर आलं होतं. ब्लॉकमुळे बोरथडीवरून काही पोचत नव्हतं, म्हणून ताईंनी त्याला ईमेलने सगळं समजावून लिहिलं होतं, त्यावर त्याने इंग्रजीत दोन ओळी पाठवल्या: हे ज्या खात्यावरून सुरू झालं ते काढून टाका, आणि काढल्याचं कळवा. मग विचार करू.

त्या दिवशी दुकानात ताई, गुलाबकाका आणि मी, तिघंच होतो. ताईंनी ओळी वाचून दाखवल्या. काका स्टुलावरून उठून काउंटरपाशी आले. मग म्हणाले, "ताई, मले काढून टाका जी."

"काऊन?"

"सुरुवात मीनंच केली ना. माह्या एकट्यापायी सगळ्याइचं पाणी काऊन तोडता?"

"तुम्ही काय केलं काका? सोनं दिलं."

"ते कोणाले समजते तिकडे."

"ते त्याइले समजावून सांगणं माहं काम हाय. तुमचं कनेक्शन कापून दुसऱ्याचं पाणी चालू करणं माहं काम नाई."

"बोरथडी बंद पडली तं?"

"पडली तं पडली. तुम्हाले बाहेर काढून चालू राह्यली, तं ती बोरथडी कोणाची? आज तुम्हाले काढलं, उद्या हिले काढू," ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "ही तं रोज कुठं ना कुठं चुकते."

मी काकांना म्हटलं, दुसऱ्या सर्व्हरवर खातं काढून देते, तिथून बेबीसरांशी बोला. काका म्हणाले, "चोरून बोलाव असं काय केलं बाई मीनं?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ताईंनी त्याच दुपारी तेंगाला लिहिलं. ते बोरथडीवरही सगळ्यांना दिसेल असं टाकलं होतं, म्हणून इथं सांगायला हरकत नाही. त्यांनी लिहिलं, की आमच्या माणसांनी विचारल्याशिवाय अनोळखी माणसांच्या दारात जायला नको होतं, ते मी त्यांना सांगितलं आहे आणि त्यांना पटलं आहे. पण मी कोणालाही काढणार नाही. आमच्याकडे सोनं द्यायला माणूस घरी जातो. आम्हाला तुमच्या घरी येणं झालं नाही, म्हणून हा घोळ झाला. तुमचं कधी इकडे येणं झालं, तर नालवाडीला आमचं पंपाचं दुकान आहे. तुमच्यासाठी आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडाच आहे.

त्याला उत्तर आलं नाही.

मला अभिमान वाटतो तो त्यापुढच्या वर्षाचा. रागाने तेंगाला ब्लॉक करा, असं आमच्यातले पुष्कळ जण म्हणत होते, त्यात मीही होते. ताईंनी केलं नाही. त्यांनी दुसरंच काम हाती घेतलं. ज्या ज्या सर्व्हरने न पाहता यादीतून आम्हाला बंद केलं होतं, त्या प्रत्येकाच्या सांभाळणाऱ्याला त्यांनी वेगवेगळं लिहायला सुरुवात केली. सगळ्यांना एकच मजकूर नाही. "एकच मजकूर पाठवला म्हणून तं हे झालं," त्या म्हणाल्या. आधी त्या सर्व्हरवर जायच्या, तिथं लोक काय बोलतात ते वाचायच्या, मग लिहायच्या. एक सर्व्हर विणकाम करणाऱ्यांचा होता, त्यांना आमच्याकडच्या कापसाबद्दल लिहिलं. एक आगगाड्या पाहणाऱ्यांचा, त्यांना सेवाग्राम स्टेशनाबद्दल. गिऱ्हाइकाला पाइप मोजून देता देता हे चालायचं. मध्येच कोणी विचारायचं, "ताई, बिल?" की ताई म्हणायच्या, "थांब जरा, डेन्मार्कवाला ऐकून राह्यला."

एक एक व्हॉल्व्ह उघडत गेला. उघडला तरी जुन्या जोडण्या आपोआप परत येत नाहीत, प्रत्येकाने प्रत्येकाला पुन्हा हाक मारावी लागते, आणि ताईंनी प्रत्येकाकडून ती मारून घेतली. गेलेल्यांपैकी काही परत आले. ताईंनी "आलात का" एवढंच म्हटलं. आमच्या अमावस्येच्या पाहणीत आता उलट्या बाजूचीही पाहणी असते, म्हणजे कोणी आम्हाला बंद ठेवलं आहे त्याची. आता फारच थोडे उरले आहेत. तेंगा मात्र त्यात आहे. बेबीसरांचं तिकडे काय चाललं आहे, कळत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर एक दिवस गुलाबकाका नाहीसे झाले, एवढंच. काका रोज सकाळी पक्ष्याचा फोटो टाकतात, बेबीसरांचं नाव लिहून. तो तिकडे पोचत नाही, हे त्यांना माहीत आहे. काकूंनी हल्ली बेबीवरून चिडवणं सोडलं आहे, हे मला जास्त लागतं.

मी पुष्कळ हिंडले आहे, शिकले थोडं. पण माणसं सांभाळणं म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी नालवाडीच्या दुकानाचा पत्ता देईन. तिथं एक बाई काउंटरवर बसतात. घाणीला त्यांनी सख्ख्या घरातल्यांसाठीही दार उघडलं नाही, आणि आपल्या एका माणसासाठी निम्मं जग बंद झालं तरी चालवून घेतलं. दोन्ही वेळी त्यांचा आवाज चढला नाही. आमच्या भागात असं ठिकाण आहे आणि त्यात माझी रोजची एक ओळ आहे, हे मी जाईन तिथं छाती फुगवून सांगते.

ताईंना गुडघ्यांचा त्रास आहे, बोरथडी ज्या मशीनवर चालते ते दुकानाच्या माळ्यावर आहे, तिथवर शिडी चढताना त्या दोनदा थांबतात. त्यांनी शिडी चढणं आता आमच्यावर सोपवावं आणि खाली बसून रागवावं. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, डोळे चांगले राहोत, म्हणजे प्रत्येक अमावस्येला त्यांची नजर सगळीकडे फिरत राहील. मी कुठंही असले तरी माझी ओळ वाचायला त्या असोत. आणि त्यांच्या पंचाहत्तरीचा लेखही मलाच लिहायला मिळो, तो मी वेळेवर

इथं फोन वाजला म्हणून वाक्य तुटलं. गुलाबकाकांचा होता, दुकानातून. जसं बोलणं झालं तसं लिहिते, कारण नीट लिहायला आता वेळ नाही.

"रोशनी, कुठं हाय तू?"

"मावशीकडे. लेख लिहून राह्यली."

"लेख राहू दे. इथं दुकानात एक माणूस आला हाय. पाठीवर भली मोठी बॅग. सेवाग्रामले उतरला म्हणते. मोबाइल काढून ताईले वटवाघळाचं चित्र दाखवलं त्यानं."

मी फोन कानाला धरूनच चपला शोधायला लागले.

"ऐकून राह्यली का? दसरा अजून यायचा हाय, पण त्यानं कुठून तरी आपट्याची डगाळ तोडून आणली. सारी पानं सुकून गेली गाडीत. त्यानं पह्यले ताईले दिलं. मंग विचारलं, ते फोटोवाले काका कोण. ताईनं मले पुढं केलं."

"मग?"

"मंग काय, मले सोनं दिलं त्यानं. आता तो बेबी बेबी म्हणून काहीतरी सांगून राह्यला, अन् मले एक अक्षर समजून नाई राह्यलं. ताई म्हणते, माही इंग्रजी लिहिण्यापुरती हाय, त्याले मल्याळम बोलणारं माणूस पाह्यजे. चहा झाला त्याचा. तू येजो लवकर, वाटेत कुठं थांबू नको."

छापखान्याने पान आहे तसंच लावावं. मी नालवाडीला निघाले.